घोळ

कपिलतीर्थ मंडईत सकाळी साडेसहाला
शहाबाईंच्या पाटीत मेथी वर, कांदापात वर,
घोळ तळाला, ओल्या गोणपाटाखाली.
"उसात उगवतंय बाई, उपटून फेकायचंच.
तुमी पैसं देताय म्हणून आणतो."
दर आठवड्याला आठ किलो.
त्यांना वाटतं, माझं घर फार मोठं आहे.

सावलीत वाळवली की आठ किलोची उरते सहाशे ग्रॅम.
सॉक्सलेटमधून अल्कोहोल रात्रभर चढतं, उतरतं, चढतं,
आणि शेवटी बशीच्या बुडाशी
काळपट हिरवा चिकट थर, काकवीसारखा.
उसाच्याच रानातला,
पण गोडी नसलेला.

प्राणिगृहात चोवीस पांढरे उंदीर, चार पिंजरे.
पाठीवर, डोक्यावर, शेपटीवर पिवळ्या खुणा.
पहिल्या पिंजऱ्याला साधं खाणं.
बाकी तिघांना डालडा आणि खोबरेल कालवलेले गोळे,
त्यातल्या दोघांना वर माझा अर्क,
बोथट सुईतून घशात, एकाला कमी, एकाला जास्त.
दुसऱ्या पिंजऱ्याला नुसताच डालडा.
कुणाला तरी नुसताच मिळायला हवा,
नाहीतर अर्कानं काय केलं हे कळणार कशावरून?

हे मी केरबा यमगरांना तीनदा समजावलं.
ते भुसा बदलतात, बाटल्या भरतात.
कान चुरगळलेले, मानेवर अजून तालमीची घडण.
एके काळी गंगावेशीत म्हशीची धार थेट तांब्यात,
तूप, बदाम, खारीक, आणि पहाटे हजार जोर.
जोर सुटले. तूप सुटलं नाही.
मध्यंतरी सोनोग्राफीचा कागद दाखवला त्यांनी,
'यकृतात चरबी, दुसरी पायरी',
आणि घडी घालून खिशात परत,
हरलेल्या कुस्तीच्या हँडबिलासारखा.

सातव्या आठवड्यात दुसरा पिंजरा सुस्तावला.
केस तेलकट, एकमेकांवर पडून राहायचे.
फक्त अकरा नंबर वजन धरेना.
मी काटा शून्यावर आणला, पुन्हा ठेवलं त्याला.
रजिस्टर मागे चाळलं, पुढे चाळलं,
आकडे मिळवले, खोडले,
आणि मग दिसली जाळीत अडकलेली
लालसर देठाची एक काडी,
दोन जाड पानं तिला अजून.

केरबा लपवत नव्हते काही.
"बारा हप्ते नुसतं त्याल चारायचं ह्येला,
आनि औषीद शेजारच्या पिंजऱ्यात?
वास येतोय की त्येला, मॅडम.
नाक लावून बसतंय जाळीला."
मी म्हणाले, माझी सहा महिन्यांची मेहनत,
आणि पुढचं वाक्य सुचलं नाही.

शेवटच्या दिवशी त्यांनी रजा टाकली.
दुसऱ्या पिंजऱ्यातली यकृतं फिकट, पिवळसर,
हातमोज्यावरही ओशट लागणारी.
अकरा नंबरचं जरा लाल.
जराच.
एकावरून काही सिद्ध होत नाही,
हे मीच शिकवते पहिल्या वर्षाच्या मुलांना.
त्याच्या ओळीवर तांबडी रेघ ओढली, शेरा लिहिला:
'वगळला. आहारात घोळ.'
पुन्हा वाचलं.
एक अक्षरही बदलावं लागलं नाही.

चौथ्या पिंजऱ्याची चरबी उतरली होती म्हणा,
तिसऱ्याची उतरल्यासारखी.
प्रबंधात ते येईल, आलेखासकट.

सोमवारी केरबा आले, रिकामे पिंजरे धुतले,
अकरा नंबरचं विचारलं नाही.
दुपारी डबा उघडला:
ज्वारीची भाकरी, घोळीची पातळ भाजी, लसणीची फोडणी,
आणि वरून
तुपाची चांगली बोटभर धार.
मी बघत राहिले.
"तेवढं ऱ्हाऊ द्या," म्हणाले,
आणि अर्धी भाकरी माझ्याकडे सरकवली.